मुलुंडचा रेणू

सह्याद्रीच्या सदाहरित रानात कडुनिंबाच्या कुळातला एक वृक्ष वाढतो: डिसॉक्झायलम बायनेक्टारिफेरम. सूज उतरवणाऱ्या द्रव्याचा माग काढताना हेक्स्ट कंपनीच्या मुलुंडमधल्या संशोधकांना त्याच्या सालीत रोहिटुकीन सापडलं. 1988 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. पुढे रसायनतज्ज्ञांनी रेणूवरचा मिथाइल गट काढून तिथे क्लोरीन जोडलेलं बेंझिनचं कडं बसवलं. तेवढ्याने तो फ्लॅवोनॉइडांच्या घराण्यात आला. त्याचं नाव फ्लॅवोपिरिडॉल.

पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या सीडीके या विकरांना हा रेणू अडवतो. अशा औषधांपैकी माणसावर सर्वांत आधी तपासलं गेलं ते हेच, 1990च्या दशकात, अमेरिकेत. तिथे घात झाला. काचपात्रात ल्युकेमियाच्या पेशी मारणारं औषध शिरेतून सलग 72 तास दिलं, तरी रुग्णांचा आजार हटेना. जुलाब मात्र इतके, की मात्रा वाढवायची सोय उरली नाही. कितीतरी औषधांची कहाणी इथेच संपते.

चूक औषधात नव्हती, मोजमापात होती. प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या गर्भस्थ वासराच्या सीरममध्ये. माणसाच्या रक्तातली प्रथिनं फ्लॅवोपिरिडॉलला त्याहून कितीतरी घट्ट धरून ठेवतात. रक्तात औषध होतं, पण मोकळं नव्हतं! ओहायो स्टेट विद्यापीठात जॉन बर्ड आणि सहकाऱ्यांनी हिशेब नव्याने मांडला: मात्रेचा पहिला भाग अर्ध्या तासात, उरलेला चार तासांत.

आता परिणाम झाला, आणि तो भीतिदायक होता. काही रुग्णांत कॅन्सरपेशी एवढ्या झपाट्याने फुटल्या, की त्यांतलं पोटॅशियम रक्तात उसळलं आणि डायलिसिसची पाळी आली. औषध मारक आहे याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या 42 रुग्णांपैकी 19 जणांचा आजार बऱ्याच अंशी ओसरला. माझ्या मते या शोधातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. हरलेलं औषध टाकून न देता ते का हरलं, हे कुणीतरी विचारलं.

2014 मध्ये या ल्युकेमियासाठी इब्रुटिनिबच्या गोळीला मान्यता मिळाली आणि शिरेतून द्यायचं, जोखमीचं फ्लॅवोपिरिडॉल मागे पडलं. सीडीके रोखणाऱ्या औषधाला पहिली मान्यता 2015 मध्ये मिळाली, ती स्तनाच्या कर्करोगावरच्या पाल्बोसिक्लिबला. त्या वाटेवर माणसाच्या शरीरात पहिलं पाऊल टाकणाऱ्या रेणूचं मूळ मुलुंडमध्ये आहे, हे महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिकवायला हवं.