लोकरीचा गुंडा आणि घरचा कुत्रा

दिवाळी सरली की माजलगावात सिंदफणेकडचा वारा संध्याकाळी अंगाला झोंबू लागतो. कपाटातल्या लोकरीच्या सुया बाहेर निघतात आणि बाळंतीण लेकीसाठी जाळीची शाल विणायला घेतली जाते. विणणारीच्या पायाशी घरचा कुत्रा वेटोळे करून पडलेला असतो. आरोग्याच्या दृष्टीने या जोडीत चांगले बरेच आहे. धोकेही आहेत आणि त्यातला एक जिवावर बेतणारा आहे.

जाळीची शाल दिसायला हलकी, पण डोक्याला काम देणारी. सुईवर धागा जास्तीचा घेतला की छिद्र पडते आणि एक टाका वाढतो. मग जवळचे दोन टाके एकत्र विणून तो कमी करायचा. ही बेरीज-वजाबाकी ओळीमागून ओळ जुळवली की पाने, लाटा उमटतात. स्कॉटलंडजवळच्या शेटलँड बेटांवर अंगठीतून आरपार निघेल इतकी तलम शाल विणली जाते. टाके मोजताना लक्ष एका जागी राहते, म्हणून अनेकींना मन शांत झाल्यासारखे वाटते.

कुत्र्याचे आणि पांघरुणाचे नातेही जुने आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोस्ट सॅलिश लोक दाट केसांची कुत्री लोकरीसाठीच पाळत. ती जात आता नामशेष झाली आहे. त्यातल्या १८५९मध्ये मेलेल्या ‘मटन’ नावाच्या कुत्र्याचे कातडे जपून ठेवलेले होते. त्याच्या जनुकांचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला.

हाताचे दुखणे

बारीक विणकामात मनगट वाकलेले आणि अंगठा आवळलेला राहतो. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दुखू लागते; तिथल्या स्नायुबंधाच्या आवरणाला सूज आलेली असते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री हात झटकत उठावे लागत असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता असते. मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असलेल्यांत हे जास्त आढळते. बाम चोळत बसण्यापेक्षा वेळीच तपासून घ्यावे. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर तो लावूनच विणावे. नाहीतर मान पुढे काढून बसण्याची सवय लागते आणि मान-खांदे भरून येतात.

अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून उठावे, हे पथ्य कळते पण वळत नाही. इथे कुत्रा कामाला येतो. त्याला फिरवायचे असते, पाणी द्यायचे असते. तो दाराशी घुटमळू लागला की उठण्याची वेळ झाली असे समजावे.

गुंडा टोपलीत नको, डब्यात हवा

पिल्लाला लोकरीचा गुंडा म्हणजे खेळणे. लांब धागा पोटात गेला तर त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, आतडे त्यावर चुण्या पडल्यासारखे गोळा होते आणि धाग्याने कापलेही जाऊ शकते. वारंवार उलट्या, खाणे बंद, पोट दुखरे अशी लक्षणे दिसली तर लगेच पशुवैद्याकडे न्यावे. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. सुया, टाचण्या आणि लोकर झाकणाच्या डब्यात ठेवली की हा प्रश्नच येत नाही.

खरा धोका ओरखड्याचा

तोच गुंडा पिल्लाच्या तोंडातून हिसकावताना बोटाला दात लागतो. “घरचाच आहे, काही होत नाही,” म्हणून हळद किंवा चुना लावून विषय संपवला जातो. इथेच चूक होते. घरचा कुत्राही दिवसभर गल्लीत हिंडतो, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते; त्याआधी योग्य उपचार झाले तर हा आजार टळतो.

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. त्वचेत द्यायची लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी घेतात. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी लस थांबवू नये. कुत्र्यालाही तीन महिन्यांचा झाल्यावर लस द्यावी आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी.

शाल चार दिवस उशिरा पुरी झाली तरी चालेल. लसीला मात्र एक दिवसाचाही उशीर नको.