शुक्राणू मोजले, साखरेचे काय?

मूल होत नाही म्हटले की तपासण्या अजूनही बायकोपासूनच सुरू होतात. नवऱ्याची वीर्यतपासणी उशिरा होते. तिच्यात शुक्राणूंची संख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या खालच्या मर्यादेच्या, म्हणजे मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांच्या वर निघाली आणि हालचालही बरी दिसली, की ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून विषय संपतो. नवऱ्याला मधुमेह असेल, तर तो इतक्यात संपवू नये. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये २७ मधुमेही आणि मधुमेह नसलेल्या २९ पुरुषांचे वीर्य तपासले. मधुमेहींचे वीर्य थोडे कमी भरले. संख्या, हालचाल, आकार यांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक दिसला तो शुक्राणूंच्या आत. डीएनए तुटल्याचे प्रमाण मधुमेहींत ५३ टक्के, तर इतरांत ३२ टक्के होते. नेहमीच्या वीर्यतपासणीत ही मोडतोड दिसतच नाही.

वाढलेल्या साखरेमुळे पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, आणि तयार शुक्राणूजवळ स्वतःची दुरुस्ती करण्याची सोय जवळपास नसते. दुसरा घाव नसांवर बसतो. मूत्राशयाचे तोंड वेळेवर मिटत नाही आणि वीर्य बाहेर येण्याऐवजी उलटे मूत्राशयात जाते. अशा वेळी स्खलनानंतरच्या लघवीत शुक्राणू सापडतात. शिवाय रक्तवाहिन्या आणि नसा बिघडल्याने लिंगाला ताठरता येत नाही, आणि टाइप-२ मधुमेहात, विशेषतः वजन जास्त असेल तर, टेस्टोस्टेरॉनही अनेकदा घटते.

यावर कोणी म्हणेल, देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांना मुले आहेतच की! खरे आहे. मधुमेह म्हणजे वंध्यत्व नव्हे. त्याने अडचणींची शक्यता वाढते, एवढाच दावा आहे. बेलफास्टचा अभ्यास लहान होता, हेही मान्य. पण म्हणून साखर तपासायचीच नाही, असे ठरत नाही. रक्ताची ती चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. ‘गोळ्यांनीच बीज कमजोर होते’ ही भीतीही ऐकू येते. मेटफॉर्मिन घेणाऱ्या वडिलांच्या मुलग्यांत जननेंद्रियांचे जन्मदोष अधिक असल्याचे डेन्मार्कमधील अभ्यासात २०२२ मध्ये दिसले होते. नॉर्वे आणि तैवानमधील २०२४ च्या मोठ्या पाहणीत तसा संबंध आढळला नाही. मनानेच गोळी बंद करून साखर चढू देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात, आणि एचबीएवनसी चाचणीही जवळपास तेवढ्याच काळातली सरासरी साखर सांगते. म्हणून मूल हवे असणाऱ्या मधुमेही पुरुषाने किमान तीन महिने आधीपासून साखर आटोक्यात आणावी, पोट कमी करावे, तंबाखू सोडावी. उलट्या स्खलनावर औषधे आहेत; ती लागू पडली नाहीत, तर लघवीतून शुक्राणू वेगळे काढून कृत्रिम गर्भधारणेसाठी वापरता येतात. मात्र ‘ताकदी’साठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेऊ नयेत; बाहेरून मिळणाऱ्या या हार्मोनमुळे मेंदूकडून वृषणांना जाणारे संदेश थांबतात आणि शुक्राणू तयार होणेच मंदावते. वीर्यतपासणीच्या चिठ्ठीवरच रक्तातील साखरेची तपासणीही लिहिली, तर यातले बरेच वेळेत हाती लागेल.