न तुटणारी संख्या आणि आपली सही

कापडाचा ताका अठरा मीटरचा असला तर त्याचे दोन-दोन, तीन-तीन, सहा-सहा किंवा नऊ-नऊ मीटरचे सारखे तुकडे पडतात. एकोणीस मीटरचा असला तर मीटर-मीटरचे तुकडे करा, नाहीतर अख्खा ठेवा. अशा संख्येला गणितात मूळ संख्या म्हणतात.

आता एक हा आकडा ओळीने एकोणीस वेळा लिहा: 1111111111111111111. ही संख्याही मूळ आहे, हे 1918 साली सिद्ध झाले. सहा एक लिहिले तर त्यांच्या जोड्या पडतात, म्हणून 111111 ला 11 ने भाग जातो. एकोणीस एकांचे असे सारखे गठ्ठे पडत नाहीत. पण तेवढ्यावर भागत नाही. तीन एकांचेही गठ्ठे पडत नाहीत, तरी 111 म्हणजे 3 गुणिले 37. म्हणून प्रत्येक संख्या तपासूनच घ्यावी लागते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (1905-1986) यांना अशा एकांच्या संख्यांचा नाद होता. 11 ला 11 ने गुणले की 121, 111 ला 111 ने गुणले की 12321. अशा संख्यांना त्यांनी 'डेमलो' म्हटले, ते डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून.

व्यापाऱ्याला याचे काय, असे वाचक विचारतील. आज वढू बुद्रुकसारख्या गावातल्या दुकानाचेही जी.एस.टी. विवरणपत्र संगणकावरूनच जाते, आणि पुष्कळ कामांत डिजिटल सही लागते. या सहीची आर.एस.ए. ही पद्धत 1977 सालची. तिच्यात सुमारे 309 अंकी दोन मूळ संख्या गुणून 617 अंकी संख्या तयार करतात. गुणाकार जगाला दिसतो, त्या दोन संख्या गुप्त राहतात. गुणणे क्षणाचे काम, पण गुणाकारावरून त्या दोन शोधणे महाकठीण. 2020 साली 250 अंकी गुणाकार फोडला गेला, तेव्हा अनेक संगणक राबले. तेच काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर केले असते तर सुमारे 2,700 वर्षे लागली असती. 617 अंकांची गोष्ट तर त्याहून फार पुढची.

म्हणजे कुलूप पक्के आहे. कच्चे आहोत ते आम्ही. सहीचे टोकन, ती पेनड्राइव्हसारखी कांडी, आपण पासवर्डसकट मुनिमाच्या किंवा सल्लागाराच्या खणात ठेवून देतो. हे सही केलेला कोरा चेक देण्यासारखेच झाले. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे गुप्त किल्ली सांभाळण्याची जबाबदारी सहीच्या मालकाची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेली, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ताबडतोब कळवावे लागते.

तेव्हा विवरणपत्र सल्लागाराने खुशाल तयार करावे. आकडे मात्र आपण वाचावेत, टोकन आपल्या हाताने लावावे आणि काम होताच गल्ल्यात परत ठेवावे.