टपोरे डोळे आणि डोळ्यातला दाब
पर्शियन किंवा एक्झॉटिक शॉर्टहेअर मांजराचे टपोरे डोळे पाहून अनेकांना वाटते, आतल्या दाबानेच ते बाहेर आलेत. हा गैरसमज आहे. या जातींची कवटी आखूड असते, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी उथळ राहतात आणि नेहमीच्याच आकाराचा डोळा पुढे आलेला दिसतो. दाब ठरतो तो डोळ्याच्या आत: पाण्यासारखा द्रव किती पाझरतो आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून किती निचरतो, यावर. निचरा तुंबला की दाब चढतो, दृष्टीच्या नसेला इजा होते, हाच काचबिंदू. दाब फार काळ चढलेला राहिला तर डोळा मोठा होतो, हे खरे. पण तेव्हा डोळाच ताणला जातो, बुबुळाचा व्यास वाढतो. खोबण उथळ असली म्हणून बुबुळ वाढत नाही.

मग चेहऱ्याचा संबंधच नाही का? आहे, पण तो मोजणीशी. मांजराच्या डोळ्यातला दाब साधारणपणे १५ ते २५ मिलिमीटर पारा असतो. पापण्या ओढल्या किंवा मान आवळली तर निरोगी डोळ्यातही आकडा वर जातो. चपट्या चेहऱ्यात डोळ्याला खोबणीचा आडोसा कमी, म्हणून पापणी उघडणारे बोट सहज डोळ्यावरच दाब देते. बोटे हाडाच्या कडेवर टेकवावीत आणि मान मोकळी ठेवावी, ती यासाठी. उपकरणानेही आकडा बदलतो. बुबुळाला टेकवून मोजणाऱ्या टोनोपेनआधी बधिर करणारे थेंब घालावे लागतात आणि मांजरात, विशेषतः दाब जास्त असताना, तो आकडा कमी दाखवतो. बारीक सळई बुबुळावर आपटून परत येते त्यावरून मोजणाऱ्या टोनोव्हेटला थेंब लागत नाहीत; त्याचा आकडा खऱ्या दाबाच्या अधिक जवळ असतो. म्हणून एका उपकरणावरचे २० दुसऱ्यावरच्या २० शी ताडून पाहू नयेत. तुलना त्याच मांजराच्या आधीच्या नोंदीशी, त्याच उपकरणाने आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी करावी.

यावर आक्षेप येईल की काही जातींत काचबिंदू आनुवंशिक असतोच. असतो. पण सयामी मांजरांतला जन्मजात काचबिंदू हे त्याचे ठळक उदाहरण, आणि सयामीचा चेहरा तर लांबट. तिथे दोष एलटीबीपी२ या जनुकात आहे, कवटीत नाही. शिवाय मांजरांतला बहुतेक काचबिंदू डोळ्याच्या आतली सूज किंवा गाठ यांतून उद्भवतो, आणि हे कुठल्याही चेहऱ्याच्या मांजराला होऊ शकते. ‘दुखत असते तर मांजराने दाखवले असते’ हाही भरवशाचा युक्तिवाद नाही. मांजरे वेदना लपवतात, काचबिंदू हळूहळू वाढतो, आणि चपट्या चेहऱ्याच्या मांजरांत बुबुळाची संवेदना मुळातच कमी असते. पापणीवर बोट दाबून केलेला अंदाजही मोजणीची जागा घेऊ शकत नाही. दोन बाहुल्यांत फरक दिसला, एक डोळा मोठा वाटला, तर टोनोमीटरने, म्हणजे दाब मोजणाऱ्या उपकरणाने, दोन्ही डोळ्यांतला दाब मोजून घ्यावा. ‘या जातीचे डोळे असेच असतात’ असे म्हणून थांबलो, तर गेलेली दृष्टी परत येत नाही.