तासभर वेळ आहे, पण सुरुवात कुठून करायची?

२०२१ चे एप्रिल-मे महिने आठवा. कोविडची दुसरी लाट होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सारखी नवी यादी येऊन धडकत होती. ऑक्सिजन कुठे मिळेल, बेड कुठे रिकामा आहे, प्लाझ्मा कोण देईल. दहा नंबर फिरवावेत तर काही बंद, काही लागतच नाहीत आणि उरलेले म्हणत, ‘‘सिलिंडर परवाच संपले हो.’’

या याद्या करणारे सगळे चांगल्या मनाचेच होते. पण जो तो नवी यादी करत होता. जुन्या यादीतले नंबर फिरवून पुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढंच लिहायचं काम करणारे फार थोडे. ते काम कुणीही घरबसल्या करू शकलं असतं. पण तेही एक काम आहे आणि ते तुम्ही करा, असं कुणी सांगितलंच नव्हतं.

गावाच्या, शहराच्या किंवा संकटाच्या वेळी उपयोगी पडावेत म्हणून सामान्य माणसं मिळून जे नकाशे, अ‍ॅप आणि माहितीचे साठे उभे करतात, त्याला हल्ली ‘सिव्हिक टेक’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं, हे इंजिनीअर मुलांचं काम. मुलं शाळेत गेल्यावर तुम्हाला तासभर मिळतो, काहीतरी उपयोगाचं करावंसं वाटतं, म्हणून तुम्ही एखाद्या प्रकल्पाचं पान उघडता. तिथे अर्धे शब्द कळत नाहीत. ‘सहभागी व्हा’ या बटणामागे एक लांबलचक फॉर्म असतो. तो भरला तरी उत्तर येत नाही. चौथ्या दिवशी तुम्ही ते विसरून जाता. यात तुमची चूक नाही. दारावर आत यायचा रस्ताच लिहिलेला नव्हता.

चौकोन उचला, पूर्ण करा

हा रस्ता नीट आखला तर काय होतं, ते नकाशाच्या कामात दिसतं. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, विकिपीडियासारखाच लोकांनी भरलेला जगाचा नकाशा. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा कामाला येईल असा नकाशा मदत पथकांकडे नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाचे फोटो बघून घरबसल्या रस्ते आणि इमारती काढल्या. पण एवढी माणसं एकाच शहरावर काम करू लागली की कोण कुठला भाग काढतंय ते कळणार कसं?

पुढे यासाठी ‘टास्किंग मॅनेजर’ नावाची सोय आली. तिची युक्ती अगदी घरगुती आहे. मोठं काम लहान लहान चौकोनांत कापलेलं असतं, वडीच्या ताटासारखं. तुम्ही एक चौकोन उचलता, तो काही काळ तुमच्या नावावर राहतो, दुसरा कुणी त्याला हात लावत नाही. त्यातली घरं काढून झाली की ‘पूर्ण’ म्हणायचं. मग अनुभवी माणूस ते तपासतो. प्रत्येक कामावर आधीच लिहिलेलं असतं की ते नवख्यांसाठी आहे की सरावलेल्यांसाठी, किती झालं आणि किती उरलं. २०१५ च्या नेपाळ भूकंपात हजारो लोकांनी याच पद्धतीने हातभार लावला. त्यातल्या कित्येकांनी त्याआधी कधी नकाशा काढलेला नव्हता.

तुम्हाला हे करून बघायचं असेल तर लॅपटॉप आणि माउस लागेल, मोबाइलवर डोळे फुटतील. ओपनस्ट्रीटमॅपवर मोफत खातं उघडा, टास्किंग मॅनेजरमध्ये नवशिक्यांसाठीचं काम निवडा, सूचना पूर्ण वाचा. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून एकच चूक होते. फोटो तिरका असतो, त्यामुळे छप्पर एकीकडे आणि घराचा पाया दुसरीकडे दिसतो. छपराचा आकार काढून तो पायावर सरकवायचा असतो. चौकोनी घराचे कोपरे वाकडे आले तर कीबोर्डवरचं ‘क्यू’ दाबा, काटकोन होतात. तपासणाऱ्याने काम परत पाठवलं तर वाईट वाटून घेऊ नका. कुणीतरी तुमचं काम खरंच बघितलं, ही इथली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

मराठी बोला, बाकी काही नको

संगणकाची भीती वाटत असेल तर मोझिलाचं ‘कॉमन व्हॉइस’ बघा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात लोक आपला आवाज दान करतात. त्यात मराठीही आहे. पडद्यावर वाक्य येतं, ते वाचायचं. किंवा दुसऱ्याने वाचलेलं ऐकून बरोबर की चूक सांगायचं. हा आवाजांचा साठा कुणालाही मोफत वापरता येतो आणि त्यातून यंत्रं आपली बोली ऐकायला शिकतात. इथे इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या मराठी घरांची खरी गरज आहे. फक्त एकाच शहराची मराठी ऐकून शिकलेल्या यंत्रापुढे उद्या तुमच्या सासूबाई फोनवर बोलतील आणि त्याला ओ की ठो कळणार नाही.

संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे अँड्रॉइड अ‍ॅप आहे. तुम्ही जिथे उभे असाल तिथले छोटे प्रश्न ते विचारतं. या रस्त्यावर दिवे आहेत का? या पायऱ्यांना कठडा आहे का? तुमचं उत्तर थेट ओपनस्ट्रीटमॅपवर जातं.

मात्र एक लक्षात ठेवा. यातलं काहीही करायला नोंदणी शुल्क, आधार क्रमांक किंवा ओटीपी लागत नाही. तो कुणी मागितला तर फोन ठेवून द्या. आणि नकाशावर कोणत्या घरात कोण राहतं, हे कधीच लिहू नका.

स्वतःचं काही काढायचं असेल तर

सोसायटी, महिला मंडळ, माजी विद्यार्थी अशा गटांना लगेच स्वतःचं अ‍ॅप हवं असतं. आधी बघा, ते काम कुणी करत आहे का. असेल तर त्यांनाच जाऊन मिळा. नसेल तरी अ‍ॅप नंतर, माणसं आधी. तैवानमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या ‘गव्ह-झीरो’ या नागरिकांच्या गटात एक छान पद्धत आहे. मेळाव्याला येणारे आपल्याला काय येतं त्याचे स्टिकर अंगावर लावतात. कुणी कोड लिहिणारा, कुणी चित्रं काढणारा, कुणी नुसता लिहिणारा. प्रकल्प मांडणारेही थोडक्यात सांगतात की आम्हाला कोण हवंय. चांगलं लिहिणाऱ्या बाईला तिथे कोपऱ्यात बसून राहावं लागत नाही.

‘इच्छुकांनी संपर्क साधावा’ या ओळीने मात्र कुणी येत नाही. त्याऐवजी नोटीस बोर्डावर असं लिहून बघा: ‘‘रविवारी सकाळी ८ ते ९. आपल्या वॉर्डातली सार्वजनिक शौचालयं बघायची आहेत. दार लागतं का, पाणी आहे का, व्हीलचेअर आत जाते का, एवढंच. प्रत्येकी दोन ठिकाणं. जोडीने जायचं. फोन नसला तरी चालेल, कागद-पेन आम्ही देऊ. परत आल्यावर माहिती कशी भरायची ते दाखवायला दोघीजणी गेटजवळ थांबतील. चहा आहे.’’