चिऊ-काऊच्या घरातले व्याकरण

बालवाडीत म्हटली जाणारी गाणी, सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आणि खेळवले जाणारे खेळ यांकडे पालक, आणि पुष्कळदा शिक्षकही, खरा अभ्यास सुरू होण्याआधीची करमणूक म्हणून पाहतात. मुले रमावीत, रडू नयेत, शाळेची गोडी लागावी एवढाच त्यांचा उपयोग मानला जातो. प्रत्यक्षात तीन ते सहा या वयात मूल भाषेचे जे नियम आत्मसात करते, त्यांतील बरेचसे या साधनांच्या रचनेतच गुंफलेले असतात, आणि म्हणून त्यांना अभ्यासाबाहेर ठेवता येत नाही.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात या प्रश्नावर एकमत कधीच नव्हते. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४४ मध्ये माता आणि बालकांसाठी बोटांच्या खेळांसह गाण्यांचे पुस्तक काढले; उलट १९०७ मध्ये रोम येथे बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांचा भर वस्तू हाताळण्यावर होता आणि लहान मुलांना परीकथा सांगण्याविषयी त्या साशंक होत्या. भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी माँटेसरींची साधने स्वीकारली, पण गोष्टींविषयीचा संकोच स्वीकारला नाही; गोष्ट कशी निवडावी आणि कशी सांगावी यावर त्यांनी गुजरातीत स्वतंत्र ग्रंथच लिहिला. माँटेसरी पद्धती आपल्याकडे रुजली, त्यात हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल.

गोष्ट भाषा कशी शिकवते, हे पाहण्यासाठी मराठी घरांतील चिऊ-काऊच्या गोष्टीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घरात राहणाऱ्या चिमणीचे दार पुन्हा पुन्हा ठोठावतो, आणि ती प्रत्येक वेळी बाळाचे काही ना काही काम पुढे करून त्याला थांबवते: कधी आंघोळ, कधी अंग पुसणे, कधी तीट, कधी झोपवणे. वाक्याची चौकट तीच राहते, तिच्यातील एकच जागा बदलत जाते; प्रौढांना परकी भाषा शिकवणारी पुस्तके नेमका हाच सराव पानेच्या पाने करवून घेतात आणि वाचणारा कंटाळतो, पण मूल मात्र तो सराव मागून मागून करते, कारण कावळ्याला दार उघडले जाणार की नाही हे त्याला कळायला हवे असते.

याच गोष्टीत मराठी व्याकरणाचा एक अवघड भागही सहज येऊन जातो. नामाला विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे जे बदललेले रूप होते, त्याला सामान्यरूप म्हणतात. कावळा या शब्दाला ‘ला’ जोडताना ‘कावळाला’ न होता ‘कावळ्याला’ होते, सशाचेही तसेच, पण चिमणीला काहीच बदलावे लागत नाही. हे नियम चार वर्षांच्या मुलाला समजावून सांगता येत नाहीत आणि सांगण्याची गरजही नसते. प्राण्यांच्या गोष्टींत ही रूपे शेकडो वेळा कानांवर पडतात आणि त्यांतूनच मूल नियम काढते. मुलाने ‘ससाला लागलं’ असे म्हटले, तर ते चुकले असे न सांगता ‘हो ना, सशाला लागलं, मग?’ असे म्हणत गोष्ट पुढे नेणे पुरेसे असते.

गाण्यांचे काम यापेक्षा वेगळे आहे. बडबडगीत, म्हणजे अर्थापेक्षा नाद आणि ठेका यांवर चालणारे गाणे, शब्दाचे तुकडे कानांना वेगळे ऐकू येतील अशा रीतीने बांधलेले असते, आणि ध्वनींची ही जाण पुढे वाचनाला उपयोगी पडते. शब्दावर टाळ्या वाजवताना एक गंमत दिसते: ‘कावळा’ आणि ‘चिमणी’ या शब्दांना मुले पुष्कळदा दोनच टाळ्या वाजवतात, कारण लिहिताना तीन अक्षरे असली तरी बोलताना ‘काव्-ळा’, ‘चिम्-णी’ असेच म्हटले जाते. अशा मुलाचा कान तयार आहे, त्याला दुरुस्त करण्याची घाई करू नये. मात्र पाहुण्यांसमोर ‘पोएम’ म्हणून दाखवण्यापुरते पाठ करून घेतलेले, अर्थावर एकदाही बोलणे न झालेले गाणे भाषेच्या दृष्टीने फारसे काही देत नाही, मग ते इंग्रजी असो की मराठी.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठी खेळांचे महत्त्व सर्वाधिक आहे. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळात मुलाला काहीच बोलावे लागत नाही. आज्ञा ऐकायची आणि बसायचे, उठायचे किंवा हात वर करायचा. आधी आकलन, मग बोलणे हा क्रम त्यात आपोआप पाळला जातो, आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात परभाषा शिकवण्याची जी पद्धत मांडली, तिचा पायाही शरीराने दिलेला हाच प्रतिसाद होता. भेंड्यांचा खेळ याच्या पुढच्या पायरीवरचा आहे, कारण त्यात शब्दाचे शेवटचे अक्षर वेगळे काढावे लागते. ‘ळ’ आला की खेळणारे ‘ल’वर तडजोड करतात, हे ठरवतानाही मुले भाषेविषयीच वाद घालत असतात.

अशाच मुलांसाठी झटलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा समोर आलेली मुले वारली बोलणारी होती. महाग साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि खडे वापरले गेले, पाड्यातील अंगणात वर्ग भरवले गेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. हातातील बी किंवा पान मुलाच्या ओळखीचे असते, त्यामुळे नवा असतो तो केवळ मराठी शब्द. अशा वर्गात गोष्ट तिसऱ्या-चौथ्यांदा सांगितली जाते, तेव्हा मुले पुढचे वाक्य स्वतःच बोलू लागतात, अर्धे आपल्या बोलीत, अर्धे मराठीत. सरावलेली शिक्षिका ते तसेच चालू देते आणि अडलेला एखादा शब्दच काय तो पुरवते.