शक्यतांचा हिशेब (लेखांक ७) : छापा-छापा उशिरा का येतो?

द'अलांबेरसारखा मोठा फ्रेंच गणिती १७५४ साली कुठे घसरला, ते आपण मागच्या लेखांकात पाहिलं. दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची शक्यता त्याने दोन-तृतीयांश धरली. पहिल्याच फेकीत छापा पडला तर दुसरी करायचीच कशाला, म्हणून त्याने तीनच प्रकार मोजले आणि तिन्हींना सारखंच वजन दिलं. खरं उत्तर तीन-चतुर्थांश. छाछा, छाका, काछा, काका असे चार प्रकार, प्रत्येकाची शक्यता एक-चतुर्थांश. (आजच्या लेखात छापा म्हणजे ‘छा’ आणि काटा म्हणजे ‘का’. ‘काका’ वाचून हसू आलं तर येऊ द्या.)

आता या चौघांच्या समानतेची परीक्षा घेऊ. नाणं फेकत राहायचं आणि लागोपाठ ‘छाछा’ पडलं की थांबायचं. सरासरी किती फेकी लागतील? आणि ‘छाका’साठी थांबलो तर? शक्यता सारखी, तेव्हा वाटही सारखीच पाहावी लागेल, असं वाटतं खरं. पण ‘छाका’ला सरासरी चार फेकी लागतात, ‘छाछा’ला सहा.

हिशेब अगदी सोपा आहे. नुसता छापा यायला लागणारी सरासरी ‘स’ म्हणू. एक फेक तर करावीच लागते. निम्म्या वेळा काटा पडतो आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून स = १ + स/२, म्हणजेच स = २. काट्यालाही अर्थात दोनच. ‘छाका’साठी आधी छापा हवा, त्याला दोन फेकी, मग काटा हवा, त्याला आणखी दोन. मधे कितीही छापे पडले तरी बिघडत नाही, कारण शेवटचा छापा हाताशी उरतोच. एकूण चार. ‘छाछा’ला ही सवलत नाही. छापा मिळवायला दोन फेकी, त्यावर एक फेक, आणि ती निम्म्या वेळा काटा निघाली की हातातला छापा वाया. म्हणून ‘छाछा’ची सरासरी ‘म’ धरली तर म = २ + १ + म/२, आणि म = ६.

मग फेकींच्या लांबलचक यादीत ‘छाछा’ कमी वेळा दिसतं का? मुळीच नाही. हजार फेकींत शेजारशेजारच्या ९९९ जोड्या असतात आणि त्यांत दोघांनाही सरासरी अडीचशेच्या आसपासच वाटा मिळतो. फरक आहे तो वाटणीत. छाछाछाछा या चारच फेकींत ‘छाछा’ तीनदा येतं. ‘छाका’ला असं स्वतःवर स्वार होता येत नाही. तासाला सहा बस सुटतात हे खरं असलं, तरी त्या तीन-तीनच्या घोळक्याने आल्या तर थांब्यावरच्या माणसाला ताटकळावंच लागतं. ‘छाछा’ असंच घोळक्याने येतं.

आता शर्यत लावू. नाणं एकच, ‘छाछा’ तुमचं, ‘छाका’ माझं. सहाविरुद्ध चार, म्हणजे मी जिंकणार? नाही, चक्क बरोबरी! पहिला छापा पडेपर्यंत आपण दोघंही थांबलेले, आणि त्याच्या लगेच पुढच्या फेकीत निकाल. पण मी ‘काछा’ घेतलं तर? त्याची सरासरीही चारच, तरी चारातले तीन डाव माझे. कारण सुरुवातीला एकदा काटा पडला की त्यानंतरचा पहिलाच छापा माझा क्रम पूर्ण करतो. तुमच्या दुसऱ्या छाप्याची वेळच येत नाही. पहिल्या दोन्ही फेकी छापा पडल्या तरच तुम्ही वाचलात.

‘किती वेळा’, ‘किती वेळाने’ आणि ‘कोण आधी’ हे तीन निराळे प्रश्न आहेत. नमुना अवकाश मांडून पहिला सोडवायला आपण दहावीत शिकतो आणि उरलेले दोनही त्यातच सुटले असं गृहीत धरतो. नाणेफेकीच्या गणितात गोंधळ होतो तो माझ्या मते इथेच. आकडेमोड बिचारी निर्दोष असते.

वॉल्टर पेनी यांनी १९६९ साली हा डाव तीन फेकींच्या क्रमांचा केला आणि मार्टिन गार्डनर यांनी १९७४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून तो सर्वदूर नेला. आधी तुम्ही क्रम निवडा, मग मी निवडतो. तुम्ही छाछाछा म्हणालात तर मी काछाछा म्हणेन. आठातले सात डाव माझे. दुसरं काही निवडा, तरी माझी युक्ती ठरलेली आहे: तुमच्या मधल्या अक्षराचं उलट अक्षर आधी, त्यामागे तुमची पहिली दोन अक्षरं. छाकाकाला उत्तर छाछाका. या युक्तीने माझी बाजू कधीही दोनास एकपेक्षा खाली जात नाही. काछाछा छाछाकावर भारी, छाछाका छाकाकावर, छाकाका काकाछावर, आणि काकाछा पुन्हा काछाछावर. यांच्यात सर्वांत बलवान असा कुणी नाहीच, त्यामुळे आधी निवडण्याचा मान मी नेहमी पाहुण्याला देतो.

चार फेकींच्या क्रमांत तर कहर आहे. काछाकाछा यायला सरासरी २० फेकी लागतात, छाकाछाछा यायला १८. तरीही शर्यतीत चौदातले नऊ डाव हळू येणारं काछाकाछाच मारतं. छाकाछाछा पूर्ण व्हायला आधी छाकाछा यावं लागतं; त्या छाकाछाच्या लगेच आधी काटा पडलेला असला, तर काछाकाछा तिथेच पूर्ण होऊन डाव संपलेला असतो.